हिरामणदादांची निजानीज

भाड्यानं घर देताना घरमालक काय काय विचारतात, याचा आम्हाला नवी मुंबईत चांगलाच अभ्यास झाला होता. नोकरी कुठे, माणसं किती, मासे-मटण शिजतं का, गावाकडचे पाहुणे येऊन किती दिवस ठाण मांडतात. करंजाड्याच्या हिरामण भोईरांनी यातलं काहीच विचारलं नाही. इमारतीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत ते बसले होते, पांढरा लेंगा आणि वर नुसता बनियन. माझ्या कडेवरच्या चार वर्षांच्या मनूकडे बोट करून म्हणाले, "ही पोर किती वाजता निजते?"

मी भाबडेपणानं खरं ते सांगितलं, साडेअकरा-बारा. नवऱ्यानं मला कोपरानं ढोसलं, कारण हातातलं घर जातंय असं त्याला वाटलं. पण दादांनी घर दिलं. अट एकच, महिन्याभरात पोर नवाच्या ठोक्याला निजायला लागली पाहिजे. "नाय निजली त मना सांग, मी बघतो," असंही वर म्हणाले. ते काय बघणार होते, हे विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही. हा करार तोंडीच होता, पण कागदावरच्या करारापेक्षा फार कडक होता.

दादांची भातशेती शहर वसवताना गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, आणि त्यावर त्यांनी चार मजली इमारत उठवून तिला आईचं नाव दिलं. तळमजल्यावर ते स्वतः, दोन मुलगे मंगेश आणि प्रशांत, मंगेशची बायको पल्लवी आणि पहिलीतली नात ईश्वरी. दादांच्या पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या होत्या. वरचे तीन मजले आम्हा भाडेकरूंचे. दादांचा आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला फोन करायची त्यांना कधी गरजच पडली नाही. एवढ्या आवाजाच्या माणसानं मुलांच्या झोपेचा ध्यास घ्यावा, याचं मला सुरुवातीला हसू यायचं.

त्यामागची गोष्ट मला पल्लवीनंच सांगितली. ती एका खाजगी दवाखान्यात नर्स, मोजकं बोलणारी आणि बोलली की पाळणारी. लग्नसराईत भोईरांच्या घराला रात्र म्हणून नसायची. आगरी माणसाची हळद लग्नाहून मोठी. दादा भाऊकीतले मानाचे, त्यांना प्रत्येक मांडवात जावं लागायचं आणि ते सगळं घर घेऊन जायचे. ईश्वरी त्यांच्या खांद्यावर बसून पहाटेपर्यंत डीजे ऐकायची. लग्नं नसली की घरात टीव्ही आणि माणसांचा राबता. पोर शाळेच्या रिक्षात झोपायची, बाकावर झोपायची, जागी असली की उगाच रडायची. एकदा प्रार्थनेला उभ्या उभ्या डोळा लागून पडली आणि हनुवटीला टाके पडले. त्या दिवशी पल्लवी तिला घेऊन नावड्याला माहेरी गेली. भांडण नाही, तंटा नाही. पोर झोपेल असं घर झालं की येते, एवढं सांगून गेली.

दादा आधी गुरगुरले. मग घर खायला उठलं तसे एकटेच नावड्याला गेले आणि व्याह्यांच्या ओटीवर बसून त्यांनी सुनेला शब्द दिला, "माझ्या घरान पोर नवाला निजंल. नाय निजली त तू जा, मी आडवा येनार नाय." त्या शब्दावर पल्लवी परत आली. ती पुन्हा गेली तर नातही जाणार आणि परत आणायला आपल्याला तोंड उरणार नाही, हे दादांना पक्कं ठाऊक होतं.

आता शब्द दिला खरा, पण मूल झोपवायचं कसं हे दादांना कुठे माहीत होतं? जन्मभर त्यांनी माणसं उठवायचीच कामं केलेली. सुरुवातीला ते दर थोड्या वेळानं दारात उभं राहून ईश्वरीला हुकूम सोडत, "निज." पोर दचकून टक्क जागी व्हायची. मग त्यांच्या ध्यानात आलं की घरातली झोप बाहेरच्या गोंगाटानं मोडते, बाहेरचा गोंगाट मुलं करतात आणि ती मुलं भाडेकरूंची. मालकाच्या डोक्यातून निघावा असाच उपाय त्यांना सुचला. ऐन मे महिन्यात, नवाच्या ठोक्याला, त्यांनी अख्ख्या इमारतीचा मेन स्विच पाडला.

पंखे बंद पडले, एसी बंद पडले. घामानं चिंब झालेली सगळी मुलं पाच मिनिटांत खाली अंगणात जमली आणि अंधारात लपाछपी खेळायला याहून चांगली संधी नाही हे ओळखून जी खेळायला लागली, ती कुणाला आवरेनात. आम्ही आया कठड्यावर बसून पदरानं वारा घेत होतो. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा लिफ्टमध्ये अडकून आतून दादांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. दादा मेन स्विचच्या पेटीपाशी उभे होते आणि पल्लवी त्यांच्याकडे बघत होती, नुसतीच. दादांनी खटका वर केला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला समोर बसवून सगळं समजून घेतलं. मुलाला बळंच झोपवता येत नाही, झोपेची वाट तेवढी साफ करून देता येते, हे पल्लवीचं म्हणणं त्यांना पटलं. "अक्कल पल्लवीची, दांडगाई माझी," असं ते पुढे कुणालाही अभिमानानं सांगत. त्या दोघांनी मिळून आमच्या इमारतीत जी रीत बसवली तिला दादा निजानीज म्हणत. संध्याकाळी मुलांनी खाली हुंदडायचं, आणि त्यावेळी कुणी आई वरून अभ्यासाला हाका मारू लागली की दादा तिलाच दटावत. मूल दमलं नाही तर झोपेल कशाला? दिवेलागणीनंतर जेवणं. साडेआठला अंगणातला पांढराफटक दिवा बंद आणि फाटकावरचा पिवळा बल्ब चालू. मग मुलांनी नळापाशी रांग लावायची आणि दादांनी स्वतः तांब्यानं एकेकाच्या पायावर पाणी घालायचं. शेतावरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय घरात पाऊल न टाकणाऱ्या माणसाची ही जुनी सवय. पण मुलांच्या अंगी ती अशी मुरली की पाय ओले झाले की मनूला जांभई यायची. सुट्टीत साताऱ्याला गेलो तर तिथेही दुपारी हौदावर पाय धुताना ही पेंगायला लागली आणि माझी सासू घाबरली.

मोबाइलच्या बाबतीत दादांनी मुलांना एका शब्दानं बोलल्याचं मला आठवत नाही. ते आयाबापांना धरायचे. नऊनंतर कुणाच्या खिडकीत निळा उजेड दिसला की सकाळी पाण्याची टाकी बघायच्या निमित्तानं वर यायचे आणि चहा घेता घेता सांगायचे की पोर आपलं तोंड बघून निजते, तुमचं तोंड जर त्या डबीत असेल तर पोरीनं कुणाचं बघायचं? माझ्या नवऱ्याला हे तीनदा ऐकावं लागलं. तिसऱ्यांदा त्यानं खरंच फोन स्वयंपाकघरात ठेवायला सुरुवात केली, आणि मला लग्नानंतर पहिल्यांदाच तो दिवसभराचं काही सांगू लागला. याचं श्रेय मी दादांना कधी दिलं नाही, कारण दिलं असतं तर त्यांनी ते गावभर सांगितलं असतं.

गोष्टीच्या बाबतीत मात्र त्यांनी पल्लवीलाही मागे टाकलं. तिनं सांगितलं होतं, निजताना गोष्ट सांगा. दादांनी राक्षसाची सांगितली, वाघाची सांगितली, शेतात निघालेल्या नागाची सांगितली, आणि ईश्वरी डोळे विस्फारून पुढे काय, पुढे काय करत बसली. शेवटी त्यांनी नवी गोष्ट काढली. एक म्हातारा खाडीच्या बाजूनं शेताचा बांध घालायला निघतो. एक ढेकूळ उचलतो, बांधावर ठेवतो, पायानं दाबतो. दुसरं ढेकूळ उचलतो, बांधावर ठेवतो, पायानं दाबतो. बांध काही कधी पुरा होत नाही. त्यांचा तो थोरला आवाज या गोष्टीत असा खाली यायचा की ऐकणाऱ्याचेच हातपाय सैल पडावेत. "गोष्ट चांगली असली त पोर जागं ऱ्हातं," ते मला म्हणाले होते, "बेकार गोष्ट सांगाला पन अक्कल लागते, बाय." खोटं नाही. मी घरी तीच गोष्ट सांगून पाहिली तर दादांच्या तोंडून ती ऐकलेल्या मनूनं माझी चूक काढली, तू ढेकूळ दाबलंच नाहीस म्हणाली.

दादांची ही रीत एकाच घरात अडली. दुसऱ्या मजल्यावर सोपान जगताप राहायचे, वाशीच्या भाजी मार्केटात कामाला. मध्यरात्रीनंतर निघायचे, दुपारी यायचे आणि जेवून संध्याकाळपर्यंत ढाराढूर झोपायचे. त्यांचा ओम शाळेतून यायचा तेव्हा बाप झोपलेला. म्हणून बाप जागा असेल तेव्हा तोही जागा, म्हणजे थेट रात्री बाप निघेपर्यंत. दादांनी सोपानला खाली बोलावून चांगलं झापलं. सोपाननं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादा, नऊला झोपवतो की. पण मग मी माझ्या पोराला बघू कधी?"

तिसऱ्या दिवशी त्यांनीच वर जाऊन तोड काढली. सोपाननं झोप दोन ठिकाणी वाटून घ्यायची. दुपारी आल्यावर थोडीशी, ओमच्या शाळेनंतर दोघांनी मिळून जेवण आणि खेळ, आणि नऊला बापानं पोराशेजारी आडवं व्हायचं ते निघायच्या वेळेपर्यंत. पहिला आठवडा सोपानला ते जड गेलं. पुढे त्यांची बायको हसत सांगायची की आता पोरगा झोपतो वेळेवर, पण आधी बाप घोरायला लागतो.

अशी दोनेक वर्षं गेली. ईश्वरीच्या हनुवटीवरचा व्रण पुसट झाला, ती सकाळी आपल्या आपण उठायला लागली, शाळेच्या रिक्षात गाणी म्हणायला लागली. आणि धाकट्या प्रशांतचं लग्न ठरलं.

खरी कसोटी आता होती. हळदीचा मांडव दारातच पडणार आणि ईश्वरीची खिडकी त्या मांडवातच उघडणार. दादांनी हळद दुपारी चारला ठरवली, डीजे नाही, धवलारीण बोलावली. धवलारीण म्हणजे आमच्याकडच्या कुठल्याही गुरुजींच्या तोडीची बाई. ती जुनी धवळे गाणी म्हणते आणि तिच्या गाण्याशिवाय आगऱ्यांचं जुनं लग्न लागत नसे. पत्रिकेत दादांनी ठळक छापून घेतलं, हळद चार वाजता, जेवणं सातला. भाऊकी हसली. दादांचे थोरले भाऊ पदाजी म्हणाले, चार वाजता हळद कुणाची असते, म्हाताऱ्याची? पण दादा बधले नाहीत.

चार वाजता मांडवात आम्ही भाडेकरू, शेजारपाजार आणि मुलं. मुलांनी एकमेकांना हळद फासली, ईश्वरी काकाच्या मांडीवर बसली, धवलारणीनं गायलं, आणि सगळं छान पार पडलं. भाऊकीतलं मात्र कुणी फिरकलं नाही. दादांचा चेहरा पडला होता. रागावली भाऊकी, असं त्यांनी धरलं. साडेआठला पाय धुतले गेले, पिवळा बल्ब लागला, मुलं निजली, उरलेलं जेवण झाकून ठेवलं.

आणि दहाच्या सुमाराला टेम्पो यायला लागले. रागावलं कुणीच नव्हतं. पत्रिकेतल्या वेळेवर हळदीला जायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्रिकेत चार म्हणजे निवांत दहा, हा पिढ्यांचा हिशेब, आणि दादा स्वतः जन्मात कधी दहाच्या आत कुणाच्या हळदीला गेले नव्हते. नटूनथटून शे-सव्वाशे माणूस उतरलं. उरणच्या पाहुण्यांनी तर हिरामणकडे डीजे नाही असं ऐकून हौसेनं आपला बेंजो पार्टीचा ताफाच आणला होता. वादक ढोल उतरवून दोऱ्या ताणू लागले.

मी खाली येऊन मांडवाच्या कडेला उभी राहून बघत होते. आलेला पाहुणा परत पाठवणं हे तर या लोकांत मेल्याहून वाईट. पदाजी पुढे झाले आणि म्हणाले, "हिऱ्या, वाजूं दे. एक दिस जागली त पोर काय मरत नाय." घराच्या दारात पल्लवी येऊन उभी राहिली होती.

दादांनी पायातल्या चपला काढल्या. अनवाणी पदाजींपाशी गेले, त्यांचे दोन्ही हात धरले, आणि दादांचा इतका हळू आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. म्हणाले, "दादूस, एक पोर मी हळदीन घालवला. दुसरी नाय घालवाची."

मंगेश तिथेच उभा होता. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री बापानं त्याला हळदीला नेलं होतं, दुसऱ्या दिवशी तो पेपरावर डोकं ठेवून झोपला आणि नापास झाला म्हणून बापानंच त्याला मारलं होतं. आता तो पाण्याचा टँकर चालवतो, त्याचं बरं चाललं आहे. पण बाप हे चारचौघांत बोलेल असं त्याला कधी वाटलं नसावं. तो मान फिरवून भिंतीकडे बघत राहिला. पदाजींनी बेंजोवाल्यांना हातानं खूण केली आणि स्वतः पहिल्या पंगतीला जाऊन बसले.

मग जे झालं त्याला आजही करंजाड्यात मुकी हळद म्हणतात. दादा एकेका पाहुण्यापाशी गेले आणि त्याच्या कानात सांगून त्याला पाटावर बसवलं. भाकऱ्या तव्यावरून उतरल्या, मटण वाढलं गेलं, आणि सव्वाशे आगरी माणसं कुजबुजत जेवली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. धवलारणीनं माइक बाजूला सारून, नवऱ्या मुलाला पुन्हा हळद लावत, गळ्यातल्या गळ्यात धवळे म्हटले, आणि ते सगळ्यांना ऐकू गेले. उरणची एक म्हातारी निघताना मला म्हणाली की इतक्या हळदी खाल्ल्या, पण मटणात मीठ बरोबर होतं की नाही हे आजच कळलं.

मध्ये एकदा ईश्वरी झोपेतच उठून दाराजवळच्या माठाचं पाणी प्यायला आली. समोर मांडव भरून माणसं, सगळी हातातला घास तसाच धरून तिच्याकडे बघत होती. ती पाणी प्यायली आणि परत जाऊन निजली. सकाळी तिनं आजोबांना सांगितलं की आपल्या मांडवात खूप माणसं गप्प बसली होती असं मला स्वप्न पडलं. दादा म्हणाले, पडतात अशी स्वप्नं. पल्लवी पलीकडे वऱ्हाडाच्या चहाला दूध तापवत होती, तिला हसू आवरेना. मला वाटतं, सासऱ्याच्या शब्दाचा हिशेब तिनं मनातून त्या सकाळी मिटवला.

पुढे आम्ही खारघरला स्वतःच्या घरात आलो. पल्लवीचा अधूनमधून फोन यायचा, आणि त्यात एक काळजी असायची. दादा सगळ्यांना झोपवतात, पण स्वतः रात्र रात्र डोळा लावत नाहीत. शेवटच्या खिडकीतला दिवा जाईपर्यंत खुर्चीवर बसतात, आणि मग झोप उडून जाते. डॉक्टरांनी बीपीवरून बजावलं होतं. आता तर शेजारच्या नव्या विमानतळावरून विमानंही सुरू झाली आणि विमानाला काही त्यांना दटावता येईना.

गेल्या हिवाळ्यात मनूला शाळेत मिळालेल्या बक्षिसाचे पेढे द्यायला मी एकटीच करंजाड्याला गेले. ऑफिसातून निघायलाच उशीर झाला. पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. फाटकाशी खुर्चीवर दादा नव्हते, पल्लवी होती. स्वेटर विणत बसली होती. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी खिडकीत निळा उजेड होता आणि तिनं तो पाहून ठेवला होता, हे मला तिच्या नजरेवरून कळलं. हलक्या आवाजात म्हणाली, "निजलेत. आठवडा झाला, रोज निजतात. ही खुर्ची मी घेतली तेव्हापासून."

खिडकीच्या गजांतून मी बघितलं. दादा कुशीवर, दोन्ही हात उशीखाली, तोंड थोडं उघडं. पलीकडच्या खाटेवर ईश्वरी. ती आता केवढी तरी उंच झाली होती. मला त्यांना भेटायचं होतं, खूप भेटायचं होतं. पल्लवीनं एकदा विचारलं, उठवू का. तिनं ते अगदी मनापासून विचारलं, आणि मी नको म्हटलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं आलं ते बघून मला फार बरं वाटलं. पेढ्यांचा डबा तिच्या हातात दिला.

बाहेर करंजाड्याचीच एक रिक्षा उभी होती. मी बसले. रिक्षावाल्यानं चावीला हात लावला, इमारतीकडे बघितलं, आणि मी काही सांगायच्या आत खाली उतरला. मोठ्या रस्त्यापर्यंत त्यानं रिक्षा ढकलत नेली आणि तिथे गेल्यावर सुरू केली.